आमच्या छपराची काडी

माझ्या धाकट्या बहिणीचा काडीमोड व्हावा म्हणून मी दोन वर्षं खटपट केली, आणि तो झाला त्याच दिवशी मी हातचलाखी करून तो नासवून ठेवला. ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. नको त्या माणसाला नको त्या वेळीही सांगितली आहे. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. लिहून मात्र कधी काढली नव्हती. तोंडी सांगताना स्वतःला जरा बरं दाखवता येतं, कागदावर ते जमत नाही, म्हणून टाळत होतो.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. मी मुर्ध्याच्या शाळेत मास्तर होतो. गावात लिहिता-वाचता येणारी माणसं मोजकी, त्यामुळे मला सगळंच येतं असा लोकांचा समज होता आणि तो खोडून काढावा असं मला कधी वाटलं नाही. कुणाला पत्र लिहून दे, कुणाला अर्ज लिहून दे, पंच बसले की त्यांचा कागद लिहून दे. कागद लिहिता लिहिता मी स्वतःला सहावा पंच समजू लागलो होतो. गावाचे पंच पाचच होते, हे ते पाचजण अधूनमधून मला सुचवायचे. माझ्या लक्षात येत नसे.

बहीण मोर्व्याला दिलेली. मोर्वा म्हणजे इथे विडी पेटवावी आणि तिथे विझवावी इतक्या जवळ. चार वर्षं ती तिथे नांदली. मग आमच्या जावयानं मिठागराकडे दुसरं बिऱ्हाड केलं. त्यात लपवाछपवी काही नव्हती. पुरुषानं दोन बायका केल्या तर त्या वेळी कायदा त्याला अडवत नव्हता, आणि आपल्याला काय काय करता येतं याची या माणसाला पक्की माहिती होती. बहीण एक दिवस ट्रंक डोक्यावर घेऊन आमच्या अंगणात उभी राहिली. ओटीवर ट्रंक ठेवून म्हणाली, "दादा, मी परत जानार न्हाय. आनी तू मना समजावाला येऊ नको."

जावई तिला न्यायलाही येईना आणि सोडायलाही तयार होईना. विचारलं की म्हणायचा, "बघू." या "बघू"वर दोन वर्षं गेली. माणूस एखाद्या गोष्टीचा उपयोग करत नाही आणि दुसऱ्यालाही देत नाही, तेव्हा त्याच्या मनात काय असतं? मला तर त्याच्या प्रत्येक श्वासाचा संशय येऊ लागला होता.

आमच्यात फारकतीची रीत जुनी आहे. पंच बसतात. नवरा आपल्या घराच्या छपरातून पेंढ्याची एक काडी उपसून आणतो. एक टोक त्यानं धरायचं, दुसरं बायकोनं, आणि पंचांसमोर ती मोडायची. ज्या छपराखाली ती नांदली, त्याच्याशी तिचा संबंध सुटला. मग ती पाट लावायला, म्हणजे दुसरं लग्न करायला मोकळी. थोरल्या पंचांनी, ज्यांना सगळा गाव आबा म्हणत असे, जावयाला गाठून शेवटी कबूल करवलं. एका रविवारी सकाळी पाचही पंच आमच्या अंगणात येऊन बसले. जावई आला तो हात हलवत.

"काडी?" आबांनी विचारलं.

"काडी कुठनं आनू, आबा? औंदा घर कौलारू केलाय न मी. मंगलोरी कौलां. छपरात एक काडी न्हाय." असं म्हणून त्यानं आमच्या पेंढ्याच्या छपराकडे अशी नजर टाकली, की तिथे कोंबड्या बसल्या होत्या त्यांनाही लाज वाटली असावी. "पायजे तर कौल आनतो एक. पन दोघांनी धरून ता मोडाचा कसा?"

पंचांमध्ये हशा पिकला. मला हसू आलं नाही. हा माणूस कबूल करायला नव्हे, निसटायला आला आहे हे मला स्पष्ट दिसत होतं. काडी नाही म्हणून आज उठेल, आणि पुढच्या खेपेला आणखी काहीतरी नसेल.

तेवढ्यात दारातून बहीण म्हणाली, "दादा, ऐक जरा, त्यांच्या—"

"तू गप बस, बाय," मी म्हणालो. "पंचांचं काम चाललंय."

हे वाक्य ध्यानात ठेवा. त्या दिवशी मी केलेल्या दोन मूर्खपणांतला हा पहिला, आणि खरं म्हणजे मोठा.

दुसरा असा. पाणी पिण्याच्या निमित्तानं मी उठलो, पागोळीखाली गेलो, आमच्याच छपरातली एक चांगली लांब काडी उपसली आणि येताना जावयाच्या पाठीमागून आलो. खाली वाकलो आणि ओरडलो, "आबा, ही बघा काडी! पाव्हण्यांच्या पाठीलाच चिकटून आलीय. घरचीच असणार!"

जावयानं पाठीमागे हात नेला. "माज्या पाठीला?"

"मग कुणाच्या?"

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. त्यांनी काडी हातात घेऊन चाचपली, मान हलवली आणि जावयापुढे धरली. पाच म्हातारे त्याच्याकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत होता. मी आभाळाकडे. शेवटी त्यानं टोक धरलं, बहिणीनं डोळे मिटून दुसरं धरलं आणि काडी मोडली. शाई वाळायच्या आत मी कागदावर त्याचा अंगठा घेतला. स्वतःवर मी इतका खूश होतो की पंचांना चहा द्यायचाही विसरलो.

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती उत्तनच्या वाटेवरच्या एका गावची, आणि तिथल्या माणसांच्या नजरेतून समुद्रावरचा ठिपकाही सुटत नाही. पंच गेल्यावर तिनं विचारलं, "अवो, ती काडी कनच्या छपराची?"

"आपल्या."

तिनं वर पागोळीकडे पाहिलं. काडी उपसली तिथे भोक पडलं होतं. "म्हंजे आपल्या घरची काडी मोडली."

"अगं, काडी ती काडी."

ती हसली आणि आत गेली. त्या हसण्याचा मला त्याच दिवशी संशय यायला हवा होता. पण त्या दिवशी माझा सगळा संशय जावयावर खर्च झाला होता.

पुढच्या सहा महिन्यांत बहिणीसाठी घोडबंदरच्या वाटेवरच्या काशी गावचं एक स्थळ आलं. बिजवर होता, शांत होता, स्वतःची होडी होती. तो बघायला आला तेव्हा पाण्याचा तांब्या स्वतः उचलून घेतला, एवढ्यावर बहीण राजी झाली. मला यातही काहीतरी काळंबेरं दिसलं. तांब्या उचलणारा पुरुष मी तोपर्यंत पाहिला नव्हता. पण दिवस ठरला, हळद दळायला घेतली, आणि एका दुपारी जावई आमच्या कुंपणापलीकडे येऊन उभा राहिला.

"मास्तर, काडी माज्या पाठीची न्हवती."

"कोण म्हणतो?"

"तुमच्या छपराची व्हती. म्हंजे माजी बायको अजून माजीच हाय. तिनी पाट लावला तर ठान्याला जाऊन फौजदारी करीन. तिच्यावर, त्या होडीवाल्यावर, आनी तुमच्यावर बी."

"तुला ती हवी आहे का?"

"मना नको. पन दुसऱ्यानी का न्यावी?"

त्याच्या दोन वर्षांच्या "बघू"चा अर्थ मला त्या क्षणी कळला. हे बोलणं काशीला पोचायला एक दिवसही लागला नाही. होडीवाल्याचे वडील आले, ओटीवर बसले आणि नम्रपणे म्हणाले, "पोरगी आमाला पसंत हाय. पन आमच्या घरात पोलीस न्हाय आला कदी. वकिलाला इचारून या. शिमग्यापर्यंत थांबतो. मंग दुसरीकडं बघावा लागंल."

ते गेल्यावर बहीण जात्याजवळ बसली. दळलेली हळद तिनं एका डब्यात भरली, झाकण दाबून बसवलं आणि डबा फळीवर सगळ्यात मागे ठेवून दिला. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला निघालो. घोडबंदरपर्यंत बैलगाडी आणि पुढे मोटार. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. काशीवरून जाताना त्या होडीवाल्याच्या घरासमोर मी भर उन्हात छत्री उघडून तोंड झाकलं. एवढ्यानं सगळ्या आळीनं माझ्याकडे पाहिलं. छत्री उघडून बैलगाडीत बसलेला दुसरा माणूस त्या रस्त्यानं त्या दिवशी गेला नसावा.

वकील साठीचे होते. त्यांनी माझा कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत वाचला. चष्मा पुसणाऱ्या वकिलाचा मला संशय येतो.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

"साहेब, एवढंच विचारायचंय, की कायद्यात काडीचं कलम कुठलं?"

"काडीचं कलम नाही, मास्तर. काडीमोडाचंही नाही. हिंदूंच्या कायद्यात घटस्फोटच नाही. लग्न एकदा लागलं की लागलं."

माझा चेहरा बघून त्यांना माझी कीव आली असावी. त्यांनी मला समोर बसवलं आणि मी जसा दुसरीतल्या मुलांना बेरीज समजावतो तसा कायदा समजावला. कायद्यात नसलं तरी एखाद्या जातीत फारकतीची जुनी रूढी असेल, तर कोर्ट ती मानतं. पण ती रूढी आहे म्हणून नुसतं सांगून भागत नाही, सिद्ध करावी लागते. ती जुनी असली पाहिजे. अखंड चालत आलेली असली पाहिजे. आज एक, उद्या एक अशी बदलती चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवऱ्यानं स्वखुशीनं सोडलेलं असलं पाहिजे. नवरा नको म्हणत असताना पंचांनी परस्पर लग्न मोडलं, तर कोर्ट पंचांना विचारतं, तुम्हाला हा अधिकार दिला कुणी?

"त्यानं स्वतःच्या हातानं मोडलीय," मी म्हणालो.

"छान. आता समजा तुम्ही साक्षीला उभे आहात. मी त्याचा वकील. मास्तर, तुमच्यात रूढी काय?"

"नवऱ्याच्या छपराची काडी दोघांनी मोडायची."

"ही काडी कुणाच्या छपराची होती?"

मी डोक्यावरची टोपी सरळ केली.

"शपथेवर आहात."

"माझ्या."

"त्याला काय सांगितलंत?"

"त्याच्या पाठीला चिकटली होती म्हणून."

वकिलांनी चष्मा पुन्हा काढला. "म्हणजे रूढी पाळली नाही, आणि नवऱ्याची संमती फसवून घेतली. एका काडीत दोन्ही केलंत. पंधरा वर्षं वकिली करूनसुद्धा माणसाला हे जमत नाही."

मग त्यांनी गंभीर होऊन पुढचं सांगितलं. काडीमोड शाबीत झाला नाही आणि बहिणीनं पाट लावला, तर पहिला नवरा हयात असताना दुसरं लग्न केल्याचा गुन्हा होतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लग्नाला मदत करणाराही सुटत नाही.

"आणि त्यानं दुसरी बाई ठेवलीय त्याचं काय?"

"त्यानं दुसरं लग्न केलं तरी गुन्हा नाही. तिनं केलं तर आहे. माझ्याकडे असं बघू नका, हा कायदा मी केलेला नाही. घरी जा. पंचांपुढे ते सगळं परत, उघडपणे, नीट करवून घ्या. त्याच्या तोंडून वदवून घ्या की मी राजीखुशीनं सोडली. आणि रीत अशी पूर्वी कुणाकुणाची झाली, ती नावानिशी लिहून ठेवा." मी दारात पोचलो तेव्हा ते मागून म्हणाले, "बाकी मास्तर, रूढीच काटेकोर लावायची म्हटली, तर तुमच्या छपराखाली नांदतं कोण?"

मी हसलो. मोटार कोळशावर धापा टाकत घोडबंदरकडे निघाली तेव्हा ते हसू ओसरलं. आमच्या छपराखाली नांदते माझी बायको.

घरी आलो तो बायको आपली ट्रंक उन्हात उघडून बसलेली. म्हटलं, "हे काय?"

"कसर लागली व्हती लुगड्यांना."

लुगड्यांना कसर शिमग्याच्या आधीच का लागते? दोन दिवसांनी तिचा भाऊ आला, अर्धा तास कुजबुजला आणि मला बघताच म्हणाला, "मास्तर, बरं हाय न?" तो मला नेहमी "भावजी" म्हणायचा. चौथ्या दिवशी तिनं आपली पांढरी कोंबडी शेजारणीकडे ठेवायला दिली. मी जेवताना सहज विचारलं, की कोंबडी का दिली. तर म्हणाली, "आपली मानसां आपन नसल्यावर कोंबडीकडं बघतीलच असा न्हाय." मी पाणी मागितलं. तिनं तांब्या माझ्याजवळ सरकवला. उचलून दिला नाही, सरकवला!

तोवर मला दुसराही संशय पोखरत होता. काडीचं जावयाला सांगितलं कुणी? पागोळीचं भोक फक्त बायकोनं पाहिलं होतं. की तिनंच माहेरी सांगून तिथून मोर्व्याला पोचवलं? की आबांना दिसत होतं आणि ते न दिसल्याचं सोंग करत होते? मी एकेकाला मनातल्या मनात साक्षीला उभं केलं. शेवटी मला आठवलं, की जावयाच्या घराची कौलं तारोडीच्या एका मेस्त्रीनं घातली होती. त्याचं मोर्व्याला जाणं-येणं होतं. तो किरिस्ताव, आपल्या कामात चोख, तोंडात कायम चार खिळे. मी थेट तारोडी गाठली.

"मेस्त्री, खरं सांगा. आमच्या काडीचं मोर्व्याला तुम्ही बोललात?"

त्यानं तोंडातले खिळे काढून तळहातावर घेतले. "बोललो न. लय हसलो आमी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मास्तर, तुमीच. शालेचा दार बसवाला आलतो तवा. 'पाठीला चिकटली म्हनून सांगितला' असा बोलून तुमी माजी पाठ थोपटून दाखवली. हसता हसता माजा खिला पडला, तो अजून गावला न्हाय."

मला आठवलं. मला हेही आठवलं की तीच गोष्ट मी न्हाव्याला सांगितली होती, होडीवर सांगितली होती, आणि उत्तनच्या बाजारात एका अनोळखी माणसाला सांगितली होती. प्रत्येक वेळी काडी थोडी लांब होत गेली होती.

"आमचा बरा," मेस्त्री खिळे परत तोंडात घालत म्हणाला. "आमच्यात लगीन मोडताच येत न्हाय, म्हंजे मोडाला गेला असा होनार बी न्हाय."

"पण मग ज्याचं जमतच नाही त्यानं काय करायचं?"

यावर त्यानं हातोडी उचलली. फळीवर खिळा ठोकू लागला, आणि जरा जास्तच जोरात ठोकू लागला. त्याच्या घरातही काही असेल, मला माहीत नाही. परतताना पहिल्यांदाच माझ्या मनात कुणाबद्दल संशय आला नाही. फक्त बहिणीचा तो झाकण लावलेला हळदीचा डबा डोळ्यांपुढे येत राहिला.

शिमग्याला आठ दिवस असताना पंच पुन्हा आमच्या अंगणात बसले. होडीवाल्याचे वडीलही आले होते. आबांच्या पायाशी बसून मी सगळं कबूल केलं, पागोळीपासून पाठीपर्यंत. आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "मास्तर, मना दिसत न्हाय ह्या खरा. पन काडी वली हाय का सुकी, कोनाच्या आढ्याची, ता हाताला कलतं. तुमच्या पागोलीला रोज तुमच्या चुलीचा धूर लागतो. काडी काली व्हती. मना वाटला, पोरीचा भला होतोय तर होऊ द्या."

म्हणजे माझी हातचलाखी निदान एका आंधळ्यानं पकडली होती.

जावई उठला. "मंग झाला तर. काडी माजी न्हवती. मोडली ती ह्यांच्या घरची. माजा काय मोडला न्हाय."

पंच एकमेकांकडे बघू लागले. मान डोलावणाराही एक निघाला. आणि तेवढ्यात माझी बायको घरातून बाहेर आली. काखेत गाठोडं होतं. पायात चपला होत्या. ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली.

"आबा, मना एक सांगा. ह्ये पावनं बोलतात, ज्याच्या घरची काडी त्याचा मोडला. बरोबर?"

"त्यो तसा बोलतो."

"मंग मास्तरांच्या घरची काडी मोडली. म्हंजे माजा मोडला. मी सा महिने झाले मोकली हाय, आनी फुकट भाकऱ्या थापतंय. तुमी 'हो' बोला, मी आता माहेरी जातंय. भाऊ बैल जुंपून उभा हाय."

मी वळून पाहिलं. खरोखरच कुंपणाबाहेर तिचा भाऊ बैलगाडी घेऊन उभा होता. मला म्हणाला, "मास्तर, बरं हाय न?"

"आनी 'न्हाय' बोला," बायको पुढे म्हणाली, "तर मंग काडी कोनाची बी असो, जिनी धरली तिचा मोडला. काय ता एक ठरवा. भाकऱ्या करपतात."

आबा हसायला लागले. त्यांच्या मागे पंच हसले, होडीवाल्याचे वडीलही पदरात... पदर त्यांना कुठला, उपरण्यात तोंड घालून हसले. मी हसावं की रडावं ते मला कळेना. मी आबांच्या तोंडाकडे बघत होतो. ते "हो" म्हणाले तर?

आबांनी हसू आवरलं आणि जावयाकडे तोंड केलं. "काडी ऱ्हाऊ दे बाजूला. तुला ही पोरगी नांदवाची हाय? आता बोल. हाय, तर गाडी उभीच हाय, घेऊन जा."

जावयाची मान खाली गेली. मिठागराकडच्या बिऱ्हाडात त्या वेळी पाळणा हलत होता हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"नांदवाची न्हाय," तो पुटपुटला.

"मोठ्यानी."

"न्हाय नांदवाची. सोडली मी. पन रीत म्हंजे रीत. माज्या घरात काडी न्हाय त्याला मी काय करू?"

"गोठ्यात हाय," बहीण म्हणाली.

ती आजवर पंचांसमोर एक पुरतं वाक्य बोलली नव्हती. आताही आवाज चढवला नाही. दारात उभी राहून सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "घर कौलारू केला. गोठा पेंढ्याचाच हाय. चार वर्सां मी झाडलाय तो. त्या छपराखाली मी जास्त नांदलंय, घराखाली कमी."

मग ती माझ्याकडे वळली. "ह्याच सांगत व्हते, दादा. त्या दिवशी. तू बोललास, गप बस."

मी वर पागोळीकडे पाहिलं. सहा महिने, ठाण्याची फेरी, कोळशाची मोटार, छत्री, तारोडी, हे सगळं तिच्या अर्ध्या वाक्यानं वाचलं असतं.

आबांनी दोन पंच जावयाबरोबर मोर्व्याला पाठवले. ते परत आले तेव्हा जावयाच्या हातात गोठ्याची काडी होती. आबांनी ती चाचपली, हुंगली आणि म्हणाले, "शेनाचा वास येतोय. खरी हाय." दोघांनी टोकं धरली. या वेळी बहिणीनं डोळे मिटले नाहीत. काडी मोडली. मी कागद लिहिला: राजीखुशीनं, पंचांसमक्ष, नवऱ्याच्या गोठ्याची काडी. आबांनी आठवून आठवून त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनच्या पाच काडीमोड सांगितले, तेही नावानिशी लिहिले. हे करताना मी एकही शब्द माझ्या पदरचा घातला नाही. माझ्या आयुष्यातला तेवढा एकच कागद असा आहे.

होडीवाल्याचे वडील उठले. "शिमग्यानंतरचा दिवस धरू," म्हणाले. बहिणीनं आत जाऊन फळीवरचा मागचा डबा पुढे घेतला. तिचा पाट लागला, फौजदारी काही झाली नाही, आणि होडीवाल्याच्या घरी तांब्या अजून तोच उचलतो असं ती सांगते.

काही वर्षांनी मुंबई इलाख्यात घटस्फोटाचा कायदा झाला. मी वर्तमानपत्रातून तो बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला: नवऱ्यानं टाकलेलं असलं तर, त्याची दुसरी बायको असली तर, असा एकेक. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. असं ती माझं काहीच ऐकत नाही, म्हणून मी वाचता वाचता तिच्याकडे चोरून बघत होतो.

"त्या दिवशी आबा 'हो' म्हणाले असते तर?" मी विचारलं.

"गाडी जुंपलेली व्हती न?" एवढंच म्हणून ती निवडणं घेऊन बसली.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. त्या दिवशी पंच मोर्व्याहून काडी घेऊन यायचे होते, तेवढ्या वेळात मी ओटीवरचं ते गाठोडं उघडून पाहिलं होतं. मला वाटलं होतं, दाखवायला म्हणून आत चिंध्या कोंबल्या असतील. आत चार लुगडी होती, घडी घालून. तिची फणी होती. आईसाठी सुके बोंबील होते, पानात बांधलेले. सोंग करायचं तर बोंबील कशाला लागतात?

पुढच्याच हिवाळ्यात मी तारोडीच्या मेस्त्रीला बोलावून घर कौलारू करून घेतलं. तो उतरून निघाला तेव्हा त्याला थांबवलं आणि म्हटलं, मेस्त्री, गोठाही कौलारू करा.

तो हसला. त्याच्या तोंडातून खिळा पडला. या खेपेला मात्र का ते मी त्याला सांगितलं नाही.